छायाप्रकाशातील कलावंतीण : लावणी नर्तकीच्या स्टुडिओ व्यक्तिचित्राचे नियोजन व संपादन

प्रस्तावना

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्या फडात त्या 'पवळा हिवरगावकरीण' म्हणून गाजल्या. पुढील काळात कांताबाई सातारकर (१९३९-२०२१) यांनी संगमनेर हेच आपले वास्तव्याचे गाव केले. पुणे-नाशिक मार्गावर संगमनेरच्या दक्षिणेस असलेल्या नारायणगावी (जि. पुणे) फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड परिसरात संगीत बारीची परंपरा कला केंद्रांच्या रूपाने टिकून आहे. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या सांस्कृतिक इतिहासात नर्तकीचे स्थान असे दोन्ही टोकांना ठळक आहे.

असे असूनही या नर्तकीची दृश्यप्रतिमा मात्र तुटपुंजी आहे. फडाच्या भित्तिपत्रकावर तिचा चेहरा भडक रंगांच्या पार्श्वभूमीवर कापून चिकटवलेला असतो. वृत्तपत्रात ती दिसते ती बहुधा एखाद्या बातमीच्या निमित्ताने. डिजिटल कॅमेरा आवाक्यात आल्यानंतर यात तिसऱ्या प्रतिमेची भर पडली. काळा पडदा, एका बाजूने येणारा मंद प्रकाश, अर्धा चेहरा सावलीत आणि नऊवारीच्या काठावर चमकणारी एखादी रेषा, अशी स्टुडिओत घडवलेली भावगर्भ व्यक्तिचित्रे आता स्पर्धांतून, प्रदर्शनांतून व दिनदर्शिकांतून दिसू लागली आहेत. लग्नसमारंभाचे काम करणाऱ्या तालुक्याच्या गावातील स्टुडिओलाही अशा चित्रणाची साधने आज अप्राप्य नाहीत.

या प्रकाराची चर्चा सहसा कॅमेरा, भिंग व दिव्यांची मांडणी यांपुरती मर्यादित राहते. प्रस्तुत लेखात वेगळी भूमिका मांडली आहे. अशा छायाचित्राचा अर्थ कळ दाबण्याच्या क्षणी ठरत नाही. तो आधी नियोजनात आणि नंतर संपादनात ठरतो. या दोन्ही टप्प्यांत नर्तकीचा वाटा नसेल, तर सावली हे सौंदर्याचे साधन न राहता नर्तकीला झाकण्याची सोय ठरते.

स्टुडिओ आणि 'नमुना' : एक पूर्वपीठिका

नर्तकीला तिच्या परिसरातून उचलून कोऱ्या पार्श्वभूमीवर उभे करणे ही गोष्ट नवी नाही. पश्चिम भारतात छायाचित्रण रुजले त्याच सुमारास तिचा आरंभ झाला. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील रहिवासी व पाहुण्यांविषयीच्या छायाचित्रसंग्रहाचे दोन खंड लंडन येथे १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेक चित्रांत माणसांची आकृती एका ठिकाणी टिपून ती स्वतंत्रपणे घेतलेल्या देखाव्यावर जोडलेली आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ते 'संपादित' छायाचित्र होय. संगणकाने ही क्रिया सोपी केली, परंतु ती जन्माला घातली नाही. सुमारे १६० वर्षांपूर्वीच्या मुंबईत ती प्रचलित होती.

जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी सिद्ध केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. त्यात माणूस येतो तो मुख्यतः जातीचा, जमातीचा अथवा व्यवसायाचा नमुना म्हणून. अशा मांडणीत छायाचित्राखालची ओळ महत्त्वाची ठरते. त्या ओळीत वर्ग सांगितला की व्यक्तीचे नाव सांगण्याची गरज उरत नाही. कोरी पार्श्वभूमी या कामी उपयुक्त असते, कारण ती व्यक्तीचे घर, गाव, सोबती व काम हे सारे पुसून टाकते आणि पाहणाऱ्याला केवळ वेशभूषा व शरीरयष्टी उरते.

काळ्या पडद्यासमोर उभ्या केलेल्या आजच्या नर्तकीच्या छायाचित्राला 'लावण्य', 'विरह' अथवा 'प्रतीक्षा' असे शीर्षक दिले जाते व तिचे नाव कुठेच नसते. तेव्हा जुन्या नमुनाचित्राचीच ती नवी आवृत्ती असते. पूर्वी नमुना जातीचा होता, आता तो भावनेचा झाला, एवढाच फरक. याउलट गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांच्या 'चेहरे' या पुस्तकाने मराठी वाचकाला स्टुडिओ व्यक्तिचित्राची गोडी लावली, त्याचे कारण केवळ प्रकाशयोजनेत नव्हते. त्या चित्रांतील व्यक्ती नामवंत होत्या. आपण कसे दिसावे याविषयी त्यांचे मत होते आणि छायाचित्रकाराला त्या मताची दखल घ्यावी लागे. चित्रपट अभिनेत्रीला सहज मिळणारा हा अधिकार फडातील नर्तकीला मिळतो काय, हा या लेखातील मूळ प्रश्न आहे.

'भाव' म्हणजे अंधार नव्हे

भावगर्भ छायाचित्राची रूढ कल्पना अशी की प्रकाश कमी केला म्हणजे भाव आपोआप गडद होतो. भारतीय कलाविचार या समजुतीला दुजोरा देत नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे वर्ण सांगितले आहेत. शृंगाराचा श्याम, हास्याचा शुभ्र, करुणाचा कपोत म्हणजे पारव्याच्या पिसासारखा करडा, रौद्राचा लाल, वीराचा गौर, भयानकाचा कृष्ण, बीभत्साचा नील आणि अद्भुताचा पीत. या यादीत निखळ काळा हा दुःखाचा रंग नाही, तो भयाचा आहे. करुण हा करडा आहे. लावणीचा प्राणभूत असा शृंगार श्याम आहे, म्हणजे गडद खरा, परंतु आतून उजळणारा.

नाट्यशास्त्रातील वर्णकल्पना हे छायाचित्रणाचे नियम नव्हेत, हे उघड आहे. तरीही त्यांतून एक उपयुक्त प्रश्न निघतो : नेमका कोणता अंधार? काळ्या मखमलीचा सर्व प्रकाश गिळणारा अंधार, करड्या भिंतीवर हळूहळू विरत जाणारा अंधार आणि दिव्याच्या कडेने साचलेला ऊबदार अंधार हे तीन स्वतंत्र अर्थ आहेत. विरहाची बालेघाटी लावणी आणि उडत्या चालीची छक्कड या दोहोंना एकाच काळ्या पडद्यासमोर, एकाच दिव्यात टिपणे म्हणजे लावणीच्या आशयाकडे पाठ फिरवणे होय.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र येते. तेथे मार्कंडेय ऋषी राजा वज्राला सांगतात की नृत्याचे शास्त्र जाणल्याखेरीज चित्राचे शास्त्र कळणे कठीण. हे विधान आजच्या छायाचित्रकारालाही लागू पडते. ज्याला लावणीतील अदा कळत नाही त्याला नर्तकीच्या शरीराचा केवळ आकार दिसतो, त्या आकारामागचे कारण दिसत नाही.

येथे बैठकीच्या लावणीचे उदाहरण बोलके आहे. यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांच्यासारख्या कलावंतांनी जपलेल्या या प्रकारात गायिका बसून गाते व बसूनच अदा करते. एकच ओळ ती अनेकदा आळवते आणि दर वेळी नजर, भुवई, मान, बोटे व पदर यांच्या हालचालींतून त्याच शब्दांचा वेगळा अर्थ समोर ठेवते. श्रोते जवळ बसलेले असतात. त्यामुळे सूक्ष्म हालचालही वाया जात नाही. जवळचे अंतर, स्थिर बैठक, मर्यादित हालचाल आणि एका आशयाच्या अनेक छटा ही जी बैठकीची वैशिष्ट्ये आहेत, तीच स्टुडिओ व्यक्तिचित्राचीही आहेत. भावगर्भ व्यक्तिचित्राचे व्याकरण परदेशी फॅशन मासिकांत शोधण्यापूर्वी ते येथे शोधणे अधिक फलदायी ठरेल.

आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. विजेचे दिवे येण्यापूर्वी तमाशा मशालींच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात होत असे. एका बाजूने येणारा, हलता, पिवळसर प्रकाश आणि मागे पसरलेला रात्रीचा काळोख ही तमाशाची मूळची प्रकाशयोजना होती. ज्याला आज स्टुडिओतील कलात्मक प्रकाश म्हटले जाते तो तमाशाला परका नाही. परका आहे तो त्या प्रकाशामागचा हेतू. मशाल नर्तकी दिसावी म्हणून धरली जात असे. स्टुडिओतील दिवा मात्र पुष्कळदा ती अर्धीच दिसावी म्हणून बाजूला सरकवला जातो.

नियोजन : कॅमेऱ्यापूर्वीचे काम

अमेरिकन छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन यांनी नर्तकी मार्था ग्रॅहम यांच्या सोळा नृत्यांवर सिद्ध केलेला छायाचित्रसंग्रह १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो नृत्यछायाचित्रणातील मानदंड मानला जातो. मॉर्गन प्रयोग चालू असताना छायाचित्रे घेण्यावर विसंबून राहिल्या नाहीत. त्यांनी नृत्ये पुनःपुन्हा पाहिली, त्यांतील सारभूत क्षण निश्चित केले आणि नंतर खास कॅमेऱ्यासाठी ती नृत्ये करवून घेऊन, प्रत्येक क्षणाला अनुरूप प्रकाश योजून, छायाचित्रे घेतली. आधी पाहणे, मग निवडणे, त्यानंतर प्रकाश योजणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रचलित पद्धतीत तो उलटा असतो. दिवे आधी लागतात आणि नर्तकीला त्या प्रकाशात बसवले जाते.

लावणी नर्तकीच्या संदर्भात नियोजनाची पहिली पायरी म्हणूनच रचना निवडणे ही असावी, आणि ती निवड नर्तकीने करावी. तिने आपल्या संग्रहातील एक लावणी, त्या लावणीतील एक ओळ आणि त्या ओळीच्या चार-पाच अदा निश्चित केल्या, की चित्रमालिकेचा आराखडा तयार होतो. 'उदास दिसा' अथवा 'खिडकीकडे पाहा' यांसारख्या सूचनांची मग गरज पडत नाही. स्टुडिओत ढोलकी व पेटीची साथ शक्य नसेल तर निदान ध्वनिमुद्रण लावावे. तालाशिवाय नर्तकीला उभे करणे म्हणजे गायकाला श्वास रोखून गायला सांगणे होय.

दुसरी पायरी प्रकाशाची. यात काही भौतिक नियम जाणून घ्यावे लागतात. छोट्या दिव्याचे अंतर दुप्पट केले की पडणारा प्रकाश एकचतुर्थांश होतो. म्हणून दिवा चेहऱ्याच्या जवळ आणि पडदा चेहऱ्यापासून बराच मागे ठेवला, तर साधी करडी भिंतही गडद दिसते. काळा कपडा नसला तरी चालते आणि करड्याच्या छटा हाती राहतात. प्रकाशाच्या विरुद्ध बाजूस पांढरा फलक ठेवला की सावली हलकी होते, काळा ठेवला की ती दाट होते. करुण आणि भयानक यांतील अंतर अनेकदा या एका फलकाएवढेच असते.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित मोजमाप समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते. दृश्याचा बहुतेक भाग काळा असला की ते फसते व चेहरा गरजेपेक्षा उजळ करते. यावर उपाय म्हणजे प्रकाश चेहऱ्यापाशी, हातातील प्रकाशमापकाने मोजणे. सावळ्या वर्णाच्या कलावंतांबाबत ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे प्रमाण ठरवण्यासाठी प्रयोगशाळांत जी नमुनापत्रे वापरली जात, त्यांवर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रियांचेच चेहरे होते. तंत्रही तटस्थ नसते याचे ते उदाहरण होय. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावरील तकाकीत असते. त्यासाठी प्रकाश वाढवण्यापेक्षा त्याचा कोन बदलणे श्रेयस्कर.

तिसरी पायरी रंगभूषा व वेशभूषेची. बोर्डावरची रंगभूषा दूरच्या प्रेक्षकासाठी आणि प्रखर उजेडासाठी असते. जवळच्या मंद प्रकाशात ती मुखवट्यासारखी दिसते. येथेही निर्णय लादला जाऊ नये. काही कलावंतांना रंगभूषेविना कॅमेऱ्यासमोर बसणे उघडे पडल्यासारखे वाटते, तर काहींना रंगभूषा उतरवल्यानंतरचा चेहराच आपला वाटतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी नेसली असेल तर तिच्या जरीचा काठ प्रकाश आरशासारखा परावर्तित करतो आणि चेहऱ्यावरील दृष्टी खेचून घेतो. तेव्हा काठ सावलीत ठेवावा की त्यालाच रेषा म्हणून वापरावे हे आधी ठरवावे लागते.

चौथी पायरी हालचालीची. व्यक्तिचित्र म्हणजे निश्चलता असे नव्हे. फ्लॅशचा लखलखाट अत्यल्प काळ टिकतो, म्हणून तो गिरकी गोठवतो. त्याच्या जोडीला मंद अखंड दिवा ठेवून शटर सेकंदाच्या पंधराव्या अथवा आठव्या हिश्श्याइतके उघडे ठेवले, तर चेहरा स्पष्ट आणि पदर वाहता असे चित्र मिळते. फ्लॅश शटर मिटण्याच्या बेतात असताना उडवला तर हालचालीची रेघ आकृतीच्या मागे राहते व गतीची दिशा खरी वाटते. लावणीत चेहरा आणि पाय एकाच वेळी दोन गोष्टी सांगत असतात. हे द्वंद्व या तंत्राने एका चौकटीत येऊ शकते.

शेवटची पायरी व्यवहाराची आहे आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेणारी व्यक्ती, अन्य करार नसल्यास, त्या छायाचित्राच्या प्रताधिकाराची प्रथम मालक ठरते. परंतु छायाचित्रकाराने स्वतःच्या प्रकल्पासाठी, स्वतःच्या खर्चाने चित्र काढले तर मालकी सर्वसाधारणपणे त्याच्याकडे जाते. समोर बसणारीकडे ती आपोआप येत नाही. म्हणजे ज्या अदा घडवायला नर्तकीने आयुष्य वेचले त्यांच्या प्रतिमेवर तिचा हक्क उरत नाही. यासाठी मानधन, प्रदर्शन, पुनर्मुद्रण आणि चित्र मागे घेण्याचा अधिकार या चार बाबी तिला समजेल अशा मराठीत, चित्रणापूर्वी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. स्टुडिओत तिच्या विश्वासातील व्यक्ती हजर असणे, विश्रांतीच्या वेळा ठरलेल्या असणे, जमीन थंड वा निसरडी नसणे हीदेखील नियोजनाचीच अंगे होत. घुंगरांचे ओझे पायात बांधून तासन्‌तास उभी असलेली नर्तकी थकली की तिच्या चेहऱ्यावर उमटतो तो थकवा. त्याला विरह समजून टिपणे ही रसिकता नव्हे.

संपादन : निवड, संस्कार आणि नाव

संपादन या शब्दात तीन क्रिया एकवटल्या आहेत. शेकडो चित्रांतून मोजकी निवडणे, निवडलेल्या चित्रांवर संगणकीय संस्कार करणे आणि त्यांना शीर्षक व क्रम देऊन वाचकापुढे ठेवणे.

निवडीच्या वेळी छायाचित्रकार आणि नर्तकी यांच्या दृष्टीत ठळक फरक पडतो. छायाचित्रकार रेषा, छाया व तोल पाहतो. नर्तकी हाताची ठेवण बरोबर आहे काय, मान तालावर आहे काय, अदा पूर्ण झाली आहे की अर्धवट राहिली आहे, हे पाहते. अदा सुरू होण्यापूर्वीचा अथवा ती मोडल्यानंतरचा क्षण छायाचित्रकाराला 'नैसर्गिक' म्हणून भावतो, तर नर्तकीला ती चूक वाटते. यात एकाला बरोबर व दुसऱ्याला चूक ठरवण्याचे कारण नाही. परंतु निवडीच्या टेबलाशी दोघांपैकी एकच बसलेला असेल तर हा वाद होतच नाही, आणि वाद न झाल्याने चित्रमालिका एकांगी होते. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी छायाचित्रणावरील आपल्या १९८० च्या ग्रंथात असे सुचवले आहे की कॅमेऱ्यासमोरची व्यक्ती एकाच वेळी चार असते. स्वतःला वाटते ती, इतरांना वाटावी अशी तिची इच्छा असते ती, छायाचित्रकाराला वाटते ती, आणि तो आपल्या कलेसाठी वापरतो ती. निवडीच्या टेबलावर नर्तकी नसेल तर पहिल्या दोघींच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही.

संगणकीय संस्कारांचे मूळ अंधाऱ्या खोलीत आहे. छपाईच्या वेळी चित्राचा एखादा भाग झाकून उजळ ठेवणे आणि दुसरा अधिक काळ प्रकाशात ठेवून गडद करणे ही जुनी रीत होय. तिला नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न तिच्या मर्यादेचा आहे. रंगीत चित्राचे कृष्णधवल रूपांतर करताना तांबड्या व नारिंगी छटा वाढवल्या की त्वचा एकदम उजळते, कारण सर्वच मानवी त्वचेत या छटा असतात. एक सरकपट्टी किंचित हलवली की सावळी नर्तकी गोरी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्वचा गुळगुळीत करताना कपाळावरचे व हातावरचे गोंदण पुसले जाते, घोट्यावर घुंगरांनी पडलेले घट्टे नाहीसे होतात, वय उतरते. हे घट्टे दोष नसून तिच्या कामाचा पुरावा आहेत. गायकाच्या ध्वनिमुद्रणातून श्वास काढून टाकावा तसे ते पुसले जातात. चौकट छाटतानाही हाच विवेक हवा. कमरेखालचा भाग कापून केवळ मुखमंडल ठेवले तर ते चित्र सुंदर स्त्रीचे राहते, नर्तकीचे राहत नाही.

तिसरी क्रिया नाव देण्याची, आणि येथे सोपे उत्तर नाही. नाव दिल्याने नमुन्याची व्यक्ती होते, असे वर म्हटले आहे. परंतु नाव दिल्याने धोकाही संभवतो. तमाशातील व संगीत बारीतील अनेक कलावंत ज्या समाजांतून येतात त्यांना जातीची आणि व्यवसायाची दुहेरी अवहेलना सोसावी लागली आहे. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने नर्तकीच्या मुलाच्या वाट्याला येणारे आयुष्य मराठी वाचकापुढे ठेवले. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या तमाशाविषयक इंग्रजी ग्रंथात अश्लीलतेचा शिक्का आणि जात यांचे नाते उलगडून दाखवले आहे. शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहापर्यंत आपले छायाचित्र पोहोचू नये असे एखाद्या कलावंतिणीला वाटणे यात लाज नसून समाजाचा अनुभव आहे. भ्रमणध्वनीच्या काळात चित्र कोठवर जाईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून पूर्ण नाव, फडावरचे नाव अथवा नावाविना, यांतील निवड नर्तकीची असावी आणि नाव नसेल तर ते तिच्या इच्छेने नाही, असा उल्लेख चित्राखाली असावा. 'अज्ञात नर्तकी' आणि 'नाव न देण्याची कलावंताची इच्छा' या दोन ओळींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या दृष्टीने पाहता सावलीचाही नवा अर्थ लागतो. अर्धा चेहरा अंधारात ठेवणे हे छायाचित्रकाराचे कौशल्य असू शकते, तसे ते नर्तकीचे संरक्षणही असू शकते. कोणता भाग दाखवायचा आणि कोणता राखून ठेवायचा हे ती ठरवत असेल, तर तीच सावली तिच्या अधिकाराची खूण बनते.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

स्टुडिओ व्यक्तिचित्रावर एक मूलभूत आक्षेप घेता येतो. तमाशा ही सामूहिक कला आहे. ढोलकीवाला, सोंगाड्या, मावशी, झीलकरी, राहुटी, मालमोटार आणि समोरचा प्रेक्षक यांच्याशिवाय नर्तकीला अर्थ नाही, मग तिला एकटीला काळ्या पडद्यासमोर का आणावे? संदेश भंडारे यांचे 'तमाशा : एक रांगडी गंमत' (२००६) हे छायाचित्रांचे पुस्तक या आक्षेपाचे समर्थ उत्तर आहे. फडाबरोबर हिंडून त्यांनी बोर्डावरचे आणि बोर्डामागचे जग टिपले. तमाशाचा दृश्य दस्तऐवज म्हणून त्या कामाचे मोल मोठे आहे. सावित्री मेधातुल व भूषण कोरगावकर यांचा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट, तसेच कोरगावकर यांचे 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक यांनीही कलावंतिणींना त्यांच्या परिसरात आणि त्यांच्या शब्दांत भेटवले.

आक्षेपात तथ्य आहे, तथापि तो पूर्णतः स्वीकारता येत नाही. दस्तऐवजी छायाचित्र नर्तकीला समूहातील घटक म्हणून दाखवते. व्यक्तिचित्र तिला एकटीला, पूर्ण लक्ष देऊन पाहण्याची संधी देते. राजघराण्यातील, राजकारणातील व चित्रपटातील माणसांना ही संधी दीडशे वर्षे मिळत आली. फडातील कलावंतिणीला ती नाकारणे, तेही तिच्या संस्कृतीच्या अस्सलपणाच्या नावाखाली, न्याय्य ठरणार नाही. आजच्या वाचकाला पवळाबाईंची ओळख होते ती मुख्यत्वे पठ्ठे बापूरावांच्या चरित्राच्या आधारे. त्यांचे स्वतंत्र, त्यांनी स्वतः निवडलेले एखादे व्यक्तिचित्र सर्वांच्या परिचयाचे असते, तर ही ओळख निराळी झाली असती काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. दस्तऐवज आणि व्यक्तिचित्र हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. मात्र स्टुडिओत परिसर गळून पडतो, त्याची भरपाई चित्राखालच्या ओळीने करावी लागते. कोणती लावणी, कोणती ओळ, कोणता फड, कोणाची साथ, एवढे लिहिले तरी काळा पडदा रिकामा राहत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही बाबी स्पष्ट होतात. नर्तकीच्या स्टुडिओ व्यक्तिचित्रात भाव हा प्रकाश घटवून निर्माण होत नसून निवडलेल्या रचनेतून व अदेतून येतो, आणि प्रकाश त्याला अनुसरतो. बैठकीच्या लावणीत या चित्रप्रकाराचे देशी व्याकरण उपलब्ध आहे. संगणकीय संस्कार ही केवळ तांत्रिक बाब नाही. त्वचेचा वर्ण, वय व श्रमाच्या खुणा यांविषयीचे पूर्वग्रह त्यात शिरतात. नाव देणे अथवा न देणे हा हक्क कलावंताचा आहे.

जिल्ह्यातील महाविद्यालयांत संज्ञापन, दृश्यकला, मराठी आणि समाजशास्त्र हे विषय शिकवले जातात, पण ते सहसा एकमेकांना भेटत नाहीत. लावणी कलावंतिणीचे व्यक्तिचित्र हा या विषयांना एकत्र आणणारा प्रकल्प होऊ शकतो. छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याने दिवा लावण्यापूर्वी लावणी ऐकावी, मराठीच्या विद्यार्थ्याने तिचा अर्थ लावावा, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने कराराचा मसुदा कलावंतिणीसमोर वाचून दाखवावा आणि निवडीच्या वेळी ती स्वतः खुर्चीवर बसलेली असावी. अशा प्रकल्पातून निघालेली चित्रे स्पर्धेत बक्षीस मिळवतील अथवा नाहीही. परंतु त्या चित्रांखाली काय लिहिलेले असेल आणि ते कोणी ठरवले असेल, याचे उत्तर देता येईल. चित्राचे मूल्यमापन त्याच्या छायाप्रकाशाइतकेच या उत्तरावरही व्हावयास हवे.